हिरव्या तंबाखूची बाधा

ऑगस्टचा अखेरचा आठवडा उजाडला, तरी केंटकीच्या डोंगरांतील त्या अरुंद खोऱ्यात वर्लिन कोल्डायर्नचा तंबाखू कापणीवाचून उभाच होता. बुडाकडची पाने पिवळी पडून गळू लागली होती. दरसाल येणारी मेक्सिकन मजुरांची टोळी यंदा खालच्या सपाटीवरील बड्या शेतकऱ्याकडे गेली, आणि तिकडचे आटोपल्यावाचून ती येणार नाही, असा निरोप आला. वर्लिनचे वय एकसष्ट. अकरा वर्षांपूर्वी तो तंबाखू वाळवण्याच्या वखारीतील वाशांच्या तिसऱ्या थरावरून पाठीवर पडला होता. तेव्हापासून त्याची कंबर वाकत असे, परंतु वाकल्यावर सरळ होण्यास ती राजी होत नसे. थोरला भाऊ हॉबर्ट हाकेला धावून येई, मात्र साखरेच्या आजाराने त्याच्या उजव्या पायाची दोन बोटे नेली होती, त्यामुळे शिडी त्याला वर्ज्य होती. राहता राहिला मुलगा.

मुलाचे नाव लेलंड, वय तीस. नशेच्या गोळ्यांपायी आणि मागाहून गोळ्यांच्या भुकटीपायी त्याची बायको गेली, आईची लग्नातील अंगठी गेली, आणि बापाने त्याला दोनदा फाटकाबाहेर काढले. परंतु एप्रिलपासून तो कौंटीच्या दवाखान्यातून औषध आणीत होता. नखाएवढी नारिंगी पट्टी. सकाळी जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत तोंड उघडायचे नाही. पाच महिन्यांत त्याने दुसऱ्या कशासही स्पर्श केला नव्हता. त्याचे गाल भरले होते. कोंबड्यांचे खुराडे त्याने नव्याने बांधले होते. आणि सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी ओढ्यात बाप्तिस्मा होणार, तेव्हा आपणही पाण्यात उतरावे, असे त्याच्या मनाने घेतले होते. त्या खोऱ्यात पाण्यातून वर आलेल्या माणसाचा शब्द पुन्हा नव्याने धरला जातो.

त्या निमित्ताने रविवारी दुपारी ब्रदर एस्टिल जेवावयास आले. ते चर्चचे उपदेशक होते. आठवडाभर लाकूडगिरणीत काम करीत आणि रविवारी घसा फुटेतो बोलत. ओपलने, म्हणजे वर्लिनच्या पत्नीने, घेवडा, मक्याची भाकर आणि सफरचंदाची गोड पाई केली होती.

"सकाळी जिभेखाली काय ठेवतोस रे?" ब्रदर एस्टिलनी विचारले.

"औषध, ब्रदर."

"कशावरचं?"

"आजारावरचं. डॉक्टर म्हणतात, साखरेसारखाच आजार आहे हा."

हॉबर्टने चमचा खाली ठेवला. "हे बघ पोरा, साखर मला आहे. पण केकच्या तुकड्यासाठी मी आईची अंगठी नाही विकली."

सगळे हसले. लेलंडही हसला. "काका, आईनं ती पाई तुमच्यापासून इतकी लांब का ठेवलीय मग?"

"ते तिलाच विचार."

वर्लिन मात्र हसला नाही. "माझी आई कॅन्सरनं गेली," तो म्हणाला. "कॅन्सर तिनं हातानं उचलून तोंडात घातला नव्हता. आजार माणसाला शोधत येतो. तू गोळीला शोधत गेलास. तेही माझ्या ट्रकमध्ये, माझं पेट्रोल जाळून."

"बरोबर आहे, बाबा."

"बरोबर आहे म्हणू नकोस. उत्तर दे."

ब्रदर एस्टिलनी ओठ पुसले. "मी तुझ्या वाईटावर नाही, लेलंड. पण एक भूत काढलं आणि त्याच्याच धाकट्या भावाला खाट घालून दिली, तर घर मोकळं झालं असं मी कसं म्हणू? पाण्यात उतरायचं तर मोकळ्या तोंडानं उतर."

यावर वर्लिनने आपला निर्णय सांगितला. तो त्याने आधीच योजून ठेवला असावा, कारण सांगताना तो अडखळला नाही. "सहा दिवस. तंबाखू वखारीत चढेपर्यंत तुझ्या पट्ट्या माझ्याकडे राहतील. टिकलास, तर रविवारी मी स्वतः तुझा हात धरून पाण्यात नेईन. नाही टिकलास, तर फाटक. तिसऱ्यांदा, आणि शेवटचं."

"वर्लिन," ओपल म्हणाली, "मध्ये मोडायचं नाही म्हणून नर्सनं बजावलंय. अंगाची सवय मोडते म्हणाली ती. मग पूर्वीएवढं एकदा जरी घेतलं तरी—"

"घेणारच नसेल, तर मोडेना का सवय."

लेलंड उठला, आपल्या खोलीतून पट्ट्यांचे पाकीट घेऊन आला आणि ते त्याने बापाच्या ताटाशेजारी ठेवले. वर्लिनपाशी पत्र्याचा एक कुलपाचा डबा होता. पाठीच्या दुखण्यावर डॉक्टरांनी दिलेल्या त्याच्या स्वतःच्या गोळ्या त्यात असत. दिवसाला दोन, अकरा वर्षे. मुलाने त्या चोरू नयेत म्हणून डबा आला आणि किल्ली बुटाच्या नाडीत ओवून वर्लिनच्या गळ्यात गेली. पाकीट त्याच डब्यात पडले.

सोमवारी कापणीस आरंभ झाला. तंबाखूची कापणी म्हणजे वाकण्याचे काम. डाव्या हाताने झाड कलते करायचे, उजव्या हातातील छोट्या कुऱ्हाडीने बुडाशी एकच घाव घालायचा, आणि जमिनीत रोवलेल्या काठीच्या लोखंडी टोपणावर तो बुंधा उभा चिरीत खाली सरकवायचा. एका काठीवर सहा झाडे. टोपणाचे टोक तळहातातून आरपार जाऊ शकते. हॉबर्टच्या हातावर तशी खूण होती. पानांतून चीक गळतो. तो प्रथम मधासारखा असतो, दुपारपर्यंत डांबरासारखा काळा होतो आणि मग साबणाला दाद देत नाही. कच्चा टोमॅटो चिरून चोळला तरच तो सुटतो. म्हणून त्या घराच्या मोरीवर त्या दिवसांत हिरव्या टोमॅटोंची टोपली ठेवलेली असे.

सोमवारी लेलंडने बापापेक्षा दीडपट काठ्या भरल्या. मंगळवारी दुपारनंतर तो जांभया देऊ लागला. नव्वद अंश फॅरनहाइटच्या उन्हात त्याच्या दंडांवर काटा उभा राहिला होता, पिसे उपटलेल्या कोंबडीच्या कातडीसारखा. नाक गळत होते. ते तो खांद्याला पुसे आणि पुढच्या झाडाकडे वळे. रात्रभर त्याचे पाय पलंगाच्या पायथ्याशी आपटत असल्याचा आवाज भिंतीतून ऐकू येत राहिला. वर्लिन तो आवाज ऐकत पडून राहिला, आणि प्रत्येक आवाजासरशी, हा टिकतो आहे, असे स्वतःशी म्हणत राहिला.

बुधवारी पहाटे दाट दव पडले. शहाण्याने दव सुकेपर्यंत थांबावे. परंतु आभाळ पश्चिमेकडून भरून येत होते, म्हणून वर्लिनने सगळ्यांना सहालाच ओळीवर उभे केले. भिजलेल्या पानांनी सदरे छातीपर्यंत ओले झाले. हिरव्या तंबाखूचे पाणी कातडीतून आत शिरले की माणसास ते बाधते: डोके गरगरते, हातपाय गार पडतात, पोटात काही उरत नाही. त्या खोऱ्यात ही बाधा न झालेला माणूस नाही, आणि तिच्यावरून कोणी कोणास हसत नाही. बाधलेल्याने अक्रोडाच्या झाडाखाली जाऊन पडावे, त्यास ताक द्यावे, त्याचे काम इतरांनी उरकावे, अशी पूर्वापार रीत आहे.

आठाच्या सुमारास हॉबर्ट गुडघ्यांवर बसला आणि ओकला.

"बाधलं," वर्लिन म्हणाला. "जा, झाडाखाली हो. कुऱ्हाड असू दे तिथंच."

ओपल ओला टॉवेल आणि ताकाची बरणी घेऊन धावली. तिने दिराचे तोंड पुसले, बूट सैल केले, डोक्याखाली पोते दिले. अर्धा तास लोटला असेल. लेलंड त्याच ओळीत, हॉबर्टने सोडलेल्या जागेपासून चार पावलांवर, टोपणाची काठी धरून ओकू लागला. ओकून झाले तरी तो वाकलेलाच राहिला. लाळेची तार त्याच्या ओठापासून मातीपर्यंत लोंबत होती.

"ऊठ," वर्लिन म्हणाला.

"बाबा, मलाही बाधलं वाटतं."

"तुला कशानं होतंय ते मला ठाऊक आहे."

"मला नाही ठाऊक. पोट एकच आहे."

झाडाखालून हॉबर्टचा क्षीण आवाज आला. "वर्लिन, बसू दे की पोराला घटकाभर. सावली काय माझ्या एकट्याची आहे?"

"तू आजारी आहेस," वर्लिन म्हणाला. "तो नाही."

ओपल ताकाचा पेला भरून ओळीतून येत होती. वर्लिनने आडवे जाऊन तो तिच्या हातातून घेतला आणि तिच्या डोळ्यांदेखत स्वतः पिऊन टाकला. त्याला ताक आवडत नसे. रिकामा पेला त्याने तिच्या हाती परत दिला आणि मिशी पुसली. लेलंडने कुऱ्हाड उचलली. त्यानंतर तो तीनदा ओकला, आणि प्रत्येक वेळी ओकण्यापूर्वी हातातील झाड काठीवर सरकवून मगच वाकला.

गुरुवारी काठ्या गाडीवर लादून वखारीत आणल्या आणि शुक्रवारी चढवणे सुरू झाले. तंबाखू वाळवण्याची वखार उंच असते. आत वाशांचे पाच थर. माणसांनी दोन वाशांवर एकेक पाय फाकून उभे राहायचे, खालच्याने काठी वर द्यायची, वरच्याने ती घेऊन टांगायची. हिरव्या झाडांनी भरलेली काठी वीस किलोंहून अधिक भरते. वर जावे तसा पत्र्याचा ताप वाढतो आणि पानांतील धूळ डोळ्यांत पडते. लेलंड वरच्या थरांवर होता, वर्लिन मधल्या, हॉबर्ट गाडीवर. लेलंडच्या अंगावरील घाम खाली बापाच्या टोपीवर टपटप पडत होता.

चारच्या सुमारास वर्लिनची कंबर धरली. श्वास घेता येईना. कसाबसा तो खाली उतरला, भिंतीला धरून घरापर्यंत गेला, स्वयंपाकघरातील टेबलावर डबा ठेवून त्याने किल्ली फिरवली आणि गोळी जिभेवर ठेवली. ओपल मोरीपाशी टोमॅटो चिरीत होती. पाणी मागण्यासाठी त्याने मान वळवली, तो दारात लेलंड उभा.

मुलाचे ओठ फुटले होते. पाच दिवसांत डोळे आत गेले होते. उघड्या डब्यात नारिंगी पाकीट सर्वांत वर होते.

"बाबा, एक द्या. अर्धी द्या. कात्रीनं कापून द्या."

वर्लिनने पाण्यावाचूनच गोळी गिळली. "उद्याचा दिवस राहिला."

"तुम्ही आत्ता घेतलीत."

"मला दुखतं म्हणून मी घेतो. तुला नुसतं हवंय."

"मलाही दुखतं."

"कुठं?"

लेलंडने दाराची चौकट धरली.

"कुठं दुखतं? बोट ठेवून दाखव. माझं हे इथं दुखतं." वर्लिनने कमरेच्या मणक्यावर अंगठा दाबला. "याचा फोटो आहे दवाखान्यात. तुझं कुठं?"

लेलंडने हात उचलला. तो पोटापाशी गेला, तेथून मांडीवर, तेथून मानेच्या मागे. कोठेच न थांबता तो खाली आला. मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "पहिली गोळी मी माझ्या हातानं तोंडात घातली नव्हती, बाबा."

हे वाक्य अकरा वर्षे त्या घरात कोणी उच्चारले नव्हते. वर्लिन पडला त्या हंगामात साऱ्या तंबाखूचा भार एकोणीस वर्षांच्या लेलंडवर आला होता. त्याचा खांदा निखळला. निम्मा तंबाखू बाहेर होता आणि पाऊस येत होता. वर्लिनने अंथरुणावरूनच त्याला हाक मारली, आपल्या नव्या बाटलीतील एक गोळी दातांनी तोडली आणि अर्धी त्याच्या जिभेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तंबाखू चढेपर्यंत, नऊ दिवस.

वर्लिनने मुलाच्या मुस्कटात मारली. हात चिकाने काळा होता. पाची बोटे लेलंडच्या डाव्या गालावर उमटली आणि तशीच राहिली.

ओपलने टोमॅटोची फोड पुढे केली. लेलंडने मान हलवली. "असू दे, आई. रविवारी पाण्यातच धुऊन निघेल." आणि तो वखारीकडे परत गेला.

वर्लिनने डबा बंद केला.

शनिवारी दुपारी दोन वाजता शेवटची काठी वर गेली. ती लेलंडने सर्वांत वरच्या थरावर टांगली, दोन्ही बाजूंची पाने एकमेकांना चिकटू नयेत म्हणून बोटांनी विंचरून सारखी केली, आणि मग तो वाशावर गाल टेकून बराच वेळ तसाच राहिला. खालून वर्लिन त्याच्याकडे पाहत होता. त्याला मुलाचा अभिमान वाटला. आणि त्याहून अधिक स्वतःचा.

"पाहिलंस?" लेलंड खाली उतरल्यावर तो म्हणाला. "काही नव्हतं. मनात आणायचं होतं तेवढंच."

"हो, बाबा."

"आता लागणारही नाहीत त्या पट्ट्या."

"नाही लागणार." लेलंड हसला. "पांढरा सदरा नाही माझ्याकडे. ट्रक द्याल? गावातून घेऊन येतो."

"तुझा जुना इस्त्री करते मी," ओपल म्हणाली. "लेलंड, जाऊ नकोस."

"अगं, सहा दिवस टिकला तो," वर्लिन म्हणाला. "आता तरी विश्वास ठेव पोरावर." आणि दोन वर्षांत प्रथमच त्याने मुलाच्या हातावर ट्रकची किल्ली ठेवली.

लेलंड दिवस मावळण्यापूर्वी परतला. सदरा खरोखरच आणला होता, कागदात गुंडाळलेला. रात्रीच्या जेवणाला तो पोटभर जेवला. हॉबर्टच्या ताटातील पाईचा तुकडा त्याने पळवला आणि "काका, हा तुमच्या आजारावर उपाय," असे म्हटल्यावर हॉबर्टला हसता हसता ठसका लागला. अशी पंगत त्या घराने फार दिवसांत पाहिली नव्हती.

रविवारी उजाडताच, हवा खेळती आहे की नाही ते पाहण्यासाठी वर्लिन वखारीत गेला. लेलंड मधल्या खांबाला पाठ लावून, रिकाम्या काठ्यांच्या ढिगावर बसला होता. त्याने नवा सदरा घातला होता आणि टाचण्या काढून खिशाला नीट ओळीने लावून ठेवल्या होत्या. ओठ निळे होते. गुडघ्यावर भुकटी लागलेला, घडी घातलेला एक छोटा कागद होता. वर्लिनने त्यास नावाने हाक मारली, मग खांद्याला हलवले, मग गालावर चापट मारली. ती नेमकी त्या काळ्या बोटांवरच पडली.

मृत्यूची नोंद करणारा कोरोनर क्लॉइड हाच कौंटीच्या गावात शववाहिनी चालवी, म्हणून त्याला दोनदा बोलवावे लागले नाही. लेलंडला घरात आणून बाकावर निजवले होते. ओपल त्याच्या उशाशी बसून हिरव्या टोमॅटोची फोड त्याच्या गालावर फिरवीत होती.

"हे काय आहे?" क्लॉइडने विचारले.

"तंबाखूचा चीक," वर्लिन म्हणाला.

"बोटं दिसतात."

क्लॉइडने भुकटीचा तो कागद उजेडात धरला. "एवढ्यानं मागच्या वर्षी याला नीट झोपही लागली नसती," तो म्हणाला. "अंगाची सवय गेली की असंच होतं. दवाखान्याचं औषध घेत होता ना? ते पोटात असतं तर बहुधा वाचला असता." त्याने मांडीवर नोंदीचा कागद घेतला आणि लेखणी काढली. "काय लिहू, वर्लिन?"

"बाधेनं गेला म्हणून लिही."

"कसल्या?"

"हिरव्या तंबाखूच्या. बुधवारपासून ओकत होता. हॉबर्टला विचार. एकाच ओळीत ओकले दोघं."

हॉबर्टने जमिनीकडे पाहिले.

"बाधेनं माणूस दोन दिवसांत उठून जेवतो," क्लॉइड म्हणाला. "मला असं लिहिता येणार नाही."

"मग काहीही लिही, पण आजार लिही." वर्लिनने दोन्ही हातांनी त्याचे मनगट धरले. "चर्चमध्ये वाचून दाखवतील, क्लॉइड. आजारी होता माझा मुलगा."

ओपलचा हात लेलंडच्या गालावर थांबला. तिने मान वर केली नाही.

"कधीपासून?" तिने विचारले.

खालून, ओढ्याच्या वळणावरून, गाण्याचा आवाज येऊ लागला. ब्रदर एस्टिल एक ओळ सांगत आणि काठावरील मंडळी ती लांबवून म्हणत. त्या दिवशी बाप्तिस्म्यासाठी मंडळीतील तिघे पाण्यात उतरले. ओपलने फोड टाकून दुसरी घेतली. करंगळीची खूण काही केल्या निघत नव्हती.

मंगळवारी लेलंडला डोंगरावरच्या कोल्डायर्नांच्या दफनभूमीत नेले. शवपेटीचे एक टोक वर्लिनने स्वतः धरले, त्यामुळे बुधवारी पहाटे त्यास पलंगावरून उठता येईना. त्याने गळ्याशी हात नेला. किल्लीची नाडी नव्हती. झोपेत ती कोणी कापून नेली होती. भिंतीच्या आधाराने तो स्वयंपाकघरात आला. डबा टेबलावर होता, किल्ली ओपलच्या मुठीत.

"ओपल, एक गोळी."

"कुठं दुखतं?"

"पाठ. तुला माहीत आहे."

"बोट ठेवून दाखव."

वर्लिनने मागे हात नेऊन मणक्यावर अंगठा ठेवला. ओपलने पाहिले. "ते अकरा वर्षांचं आहे," ती म्हणाली. "तेवढ्यासाठी तू पहाटे उठत नाहीस. आज कुठं दुखतं?"

त्याचा अंगठा कमरेवरून सुटला. हात पुढे आला, छातीशी गेला, गळ्याशी गेला, चिकाने अजून काळ्या असलेल्या तळव्याकडे त्याने एकदा पाहिले, आणि हात कोठे ठेवावा ते न उमजून तो तसाच हवेत राहिला. ओपलने त्याला घाई केली नाही.

"मग तुला नुसतं हवंय," ती म्हणाली. आणि डबा काखेत मारून, कोंबड्यांचे दाणे घेऊन ती बाहेर गेली.